मुंबईत पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांची वाटणी : प्रतवारीचे एक प्रकरण

आईच्या पश्चात दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात घरातील चीजवस्तूंची वाटणी व्हायची होती. जमीन आणि घर यांबाबत फारसा वाद नव्हता. गाडे अडले होते ते देवघरातील चांदीच्या डबीत निघालेल्या सोन्याच्या दहा नाण्यांवरून. गावातील सराफाने ती एकत्र काट्यावर घातली, ७९.५८ ग्रॅम भरली असे सांगितले आणि बावीस कॅरेटच्या भावाने हिशेब मांडून दिला. थोरल्या भावाचा तोडगा सोपा होता : प्रत्येकाने तीन नाणी घ्यावीत आणि दहावे आटवून पैसे वाटून घ्यावेत. बहिणीचे म्हणणे असे की दहापैकी दोन नाण्यांवर ‘१५ रुपये’ अशी किंमत कोरलेली आहे, तशी ती इतर नाण्यांवर नाही, तेव्हा सगळी नाणी सारखी मानण्याआधी कोणा जाणत्याला दाखवावीत. त्यातून हे काम माझ्याकडे आले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील पुढील टिपणात गाळले आहेत.

डबीतील आठ नाणी म्हणजे आपल्याकडे ज्यांना गिनी म्हणतात ते ब्रिटिश सॉव्हरिन होते. त्यांपैकी पाच पहिल्या महायुद्धापूर्वीची, लंडनच्या टांकसाळीतील, पंचम जॉर्जच्या राजवटीची. तीन १९१८ या सालाची. उरलेली दोन पंधरा रुपयांची नाणी, तीही १९१८ चीच. दहापैकी निम्मी नाणी एकाच वर्षाची असणे हा योगायोग नव्हता. १९१८ हे वर्ष मुंबईच्या टांकसाळीच्या इतिहासात वेगळे आहे आणि ते समजल्याशिवाय या प्रकरणातील एकही निर्णय नीट समजत नाही.

महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातून मोठ्या प्रमाणावर माल निर्यात होत होता आणि त्याची किंमत येथे चांदीच्या रुपयांत चुकवावी लागत होती. चांदीचा भाव चढत गेला, रुपयांची टंचाई झाली आणि नोटा घेऊन त्यांचे रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची काढली आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या साठ्यातील वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकण्याची सोय करून दिली. चांदीवरचा हा ताण कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सरकारकडे असलेले सोने नाण्यांच्या रूपात बाहेर काढणे. त्यासाठी मुंबईत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडायचे ठरले. पण तिची तयारी पूर्ण होईपर्यंत थांबणे परवडणारे नसल्याने मुंबईच्या टांकसाळीने तातडीचा उपाय म्हणून पंधरा रुपयांची सोन्याची नाणी पाडली. वजन आणि कस दोन्ही सॉव्हरिनएवढेच ठेवले, कारण त्या वेळी सॉव्हरिनचा कायदेशीर दर पंधरा रुपयेच होता. अशी सुमारे २१ लाख नाणी पाडली गेली. ऑगस्ट १९१८ मध्ये शाखा सुरू झाली, तिने तेरा लाखांच्या किंचित आत सॉव्हरिन पाडले आणि एप्रिल १९१९ मध्ये ती बंद झाली. पुढे १९२० मध्ये सॉव्हरिनची कायदेशीर किंमतच दहा रुपये ठरवली गेली, त्यामुळे अंगावर पंधराचा आकडा मिरवणारे हे नाणे पाडल्यापासून दोनच वर्षांत विसंगत ठरले.

खूण नसलेले नाणे

प्रतवारीचा विचार नाणे अस्सल ठरल्यानंतरचा. म्हणून प्रथम दहाही नाणी एकेकटी तोलली. सॉव्हरिनचे प्रमाण वजन ७.९८८ ग्रॅम आहे आणि चलनात राहण्यासाठी ते किमान ७.९३८ ग्रॅम भरावे असा जुना ब्रिटिश नियम होता. लंडनची पाचही नाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान होती. १९१८ च्या तीन सॉव्हरिनपैकी पहिले ७.९७ ग्रॅम, दुसरे ७.९३ ग्रॅम आणि तिसरे ७.८९ ग्रॅम भरले. सराफाने सगळी नाणी एकत्र तोलल्यामुळे हा फरक त्याच्या हिशेबात दिसला नव्हता, आणि सोने विकत घेणाऱ्याला तो दिसण्याचे कारणही नव्हते.

भिंगाखाली मागची बाजू पाहिली तेव्हा तिसऱ्या नाण्याविषयी शंका पक्की झाली. सॉव्हरिनच्या मागच्या बाजूला घोड्यावर बसून सर्पाकार राक्षसाला मारणारा सेंट जॉर्ज आहे. घोड्याच्या खाली जमीन दाखवणारी पट्टी आहे, तिच्याखाली साल आहे आणि सालाच्या बरोबर वर, त्या पट्टीवर, टांकसाळीची खूण असते. मुंबईची खूण म्हणजे रोमन ‘आय’ हे अक्षर. ते इतके बारीक असते की नुसत्या डोळ्यांना उभ्या ओरखड्यासारखे वाटते. पहिल्या दोन नाण्यांवर ते होते, तिसऱ्यावर नव्हते.

एरवी खूण नसणे हा दोष नाही; विसाव्या शतकातील लंडनच्या सॉव्हरिनवर ती नसतेच आणि डबीतील पाचही नाण्यांवर ती नव्हती. पण लंडनने १९१७ नंतर थेट १९२५ मध्ये सॉव्हरिन पाडले. १९१८ मध्ये ते काम सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि मुंबई या पाच शाखांनी केले आणि त्या प्रत्येकीची स्वतःची खूण आहे. म्हणजे १९१८ चा खूण नसलेला सॉव्हरिन कोणत्याही टांकसाळीतून अधिकृतपणे बाहेर पडलेला असू शकत नाही.

थोरल्या भावाने येथे रास्त हरकत घेतली की शंभर वर्षांत खूण झिजून गेली असेल. झीज कशी होते ते पाहिले तर ही शक्यता टिकत नाही. नाणे झिजते ते उठावाच्या सर्वांत उंच जागांवरून : दर्शनी बाजूला राजाची भुवई आणि दाढी, मागे सेंट जॉर्जचे शिरस्त्राण, त्याचा गुडघा आणि घोड्याचा पुठ्ठा. खुणेची पट्टी या सर्वांपेक्षा खाली असते आणि नाण्याची उंच कड तिचे रक्षण करते. ७.९३ ग्रॅमच्या नाण्यावर शिरस्त्राण सपाट झाले होते, पुठ्ठ्यावरचे स्नायू दिसेनासे झाले होते, तरी ‘आय’ स्पष्ट वाचता येत होता. उलट तिसऱ्या नाण्यावर शिरस्त्राण जागेवर होते, कडेवरच्या दातेरी रेघा धारदार होत्या आणि तरीही वजन सर्वांत कमी होते. न झिजलेले नाणे झिजलेल्यापेक्षा हलके असेल, तर ते मुळातच हलके पाडलेले असले पाहिजे.

ठशातील ती बारीक खाच वंगणाने किंवा कचऱ्याने भरली असेल आणि त्यामुळे खूण उमटली नसेल, ही दुसरी शक्यता टांकसाळीच्या कामात खरोखर घडते, म्हणून तीही तपासली. पण नाण्यावरच्या इतर गोष्टी तिच्या विरुद्ध होत्या. मोकळ्या जागेत बारीक पुरळ उठल्यासारखे उंचवटे होते, जे अस्सल नाण्यावरून साचा घेऊन बनवलेल्या ठशात हमखास राहतात; उजवीकडे खाली असलेली कलाकार पिस्त्रुची यांची ‘बी. पी.’ ही आद्याक्षरे एकमेकांत मिसळली होती. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होत्या. नाणे बनावट ठरवले.

सोन्याची परीक्षा या नाण्याने उत्तम रीतीने पार केली होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. बावीस कॅरेटच्या, तांबे मिसळलेल्या सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १७.५ पट असते. पाण्यात तोलून पाहिल्यावर या नाण्याचे वजन ०.४५ ग्रॅमने घटले, म्हणजे घनता जशी हवी तशीच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सॉव्हरिनला त्यातील सोन्यापेक्षा जास्त भाव मिळत असल्याने खरे सोने वापरूनच बनावट सॉव्हरिन पाडण्याचा उद्योग भरभराटीला आला होता आणि त्याला आळा घालणे हे ब्रिटनने १९५७ मध्ये सॉव्हरिन पुन्हा पाडायला घेण्यामागचे एक कारण होते. कसोटीचा दगड किंवा क्ष-किरणांचे यंत्र धातूविषयी सांगते. नाणे कोणी पाडले ते त्याला कळत नाही. आपल्याकडे सराफाने ‘सोने खरे आहे’ म्हटले की लोक नाणेही खरे मानतात आणि नाण्यांच्या खरेदीतील बहुतेक फसवणूक याच एका गैरसमजावर चालते.

दोन पंधरा रुपये

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन्ही पंधरा रुपये अस्सल होते, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

पहिल्याचे वजन ८.०१ ग्रॅम भरले, म्हणजे प्रमाण वजनापेक्षा जास्त. नाणे वापराने हलके होते, जड होत नाही. जड झाले असेल तर त्यावर काहीतरी चढलेले असते. राजाच्या मुकुटाच्या वर, बाराच्या ठिकाणी, कडेवरच्या चार-पाच दातेरी रेघा बुजलेल्या होत्या आणि तेथील सोन्याचा रंग किंचित फिकट होता. कधीकाळी कडी डाखून हे नाणे गळ्यात घातले होते आणि नंतर ती काढून कानसेने घासून सारखे केले होते. कडी लावताना लागलेल्या आचेने आतील मोकळ्या जागेचा पोतही त्या ठिकाणी बदलला होता. त्याशिवाय दर्शनी बाजूवर एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेषा होत्या, म्हणजे दागिना म्हणून त्याला कधीतरी उजाळाही दिला गेला होता. नुसता उठाव पाहिला तर हे नाणे ‘एक्स्ट्रा फाइन’, म्हणजे अगदी थोडे झिजलेले, म्हणावे इतके चांगले होते. परंतु डाख आणि घासणी असलेल्या नाण्याला आंतरराष्ट्रीय प्रतवारी संस्था प्रतीचा अंक देत नाहीत. तपशील अमुक दर्जाचे, पण नाणे कडी काढलेले व घासलेले, असा शेरा देतात. मीही तसाच शेरा लिहिला. महाराष्ट्रातील घराण्यांतून येणाऱ्या सोन्याच्या नाण्यांत ही अवस्था इतकी सर्रास आढळते की कडीचा माग नसलेले नाणे दिसले की मूल्यमापन करणारा सुखावतो.

असे सुखावणारे नाणे दुसरे होते. वजन ७.९८ ग्रॅम, कड अभंग, मोकळ्या जागेवर टांकसाळीतील मूळ चमक आणि अक्षरांच्या खाचांत कुंकवाचा वाळलेला लालसर थर. वर्षानुवर्षे ते लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडले जात असे आणि पूजा झाली की पुसून न घेता तसेच कापडात गुंडाळून डबीत जात असे. त्या आळसाने नाणे वाचले. धाकट्या भावाने माझ्याकडे आणण्यापूर्वी सगळी नाणी उजळवून आणायचा बेत केला होता आणि सराफाने ते काम फुकट करून देण्याची तयारीही दाखवली होती. तसे झाले असते तर या नाण्याचे संग्राहकांच्या बाजारातील मोल बरेच घटले असते, कारण उजाळा म्हणजे सोन्याचा अगदी वरचा पातळ थर काढणे आणि प्रतवारी त्याच थराची असते. कुंकू काढायचेच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये आणि नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे नुसते भिजवून ठेवावे, चोळू नये, असे मी सुचवले. ते न काढले तरी काही बिघडत नव्हते.

या नाण्याबाबत एक वेगळी खातरजमा करावी लागली. पंधरा रुपयांच्या नाण्याचे मागाहून पुन्हा पाडलेले, प्रूफ पद्धतीचे (चलनासाठी नसलेले) नमुने आढळतात, तेव्हा फार ताजे दिसणारे नाणे पाहिले की हा प्रश्न उभा राहतोच. पण त्या नमुन्यांची मोकळी जागा आरशासारखी असते आणि कडा तीक्ष्ण असतात. या नाण्याची चमक आरशाची नव्हती. नाणे दिव्याखाली फिरवले की चमकेचा पट्टा चक्रासारखा फिरत जाई, जसा तो नेहमीच्या चलनी नाण्यावर फिरतो. शिवाय गालावर आणि मोकळ्या जागेत पिशवीतील इतर नाण्यांशी टक्कर झाल्याचे बारीक व्रण होते. ते मूळ १९१८ चे, चलनासाठी पाडलेले नाणे होते.

प्रत ठरवताना अडचण आली ती राजाच्या भुवईपाशी आणि छातीवरच्या पदकमाळेतील हत्तीपाशी. हा तोच हत्ती, जो १९११ च्या रुपयावर डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला सुधारावा लागला. या नाण्यावर हत्तीची पाठ किंचित सपाट होती. सपाट जागा दोन कारणांनी दिसते : वापराने झिजल्यामुळे, किंवा ठसा पुरेशा जोराने न बसल्यामुळे. दोहोंत भेद करण्याची खूण म्हणजे चमक. ठसा हलका बसला असेल तर त्या सपाट जागीही टांकसाळीची चमक अखंड राहते. बोटांनी किंवा कापडाने झिजली असेल तर चमक तेवढ्या ठिकाणी तुटते आणि रंग मंद पडतो. दिवा तिरपा धरून पाहिल्यावर हत्तीच्या पाठीवर चमक होती, पण भुवईवर ती तुटलेली होती. म्हणून विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडलेल्या आणि आता सर्वत्र रूढ असलेल्या सत्तर अंकांच्या मोजपट्टीवर मी त्याला ५८ अंक दिले, म्हणजे अनसर्क्युलेटेडच्या (वापराने न झिजलेल्या नाण्याच्या प्रतीच्या) अगदी उंबरठ्यावर, पण आत नाही.

परदेशी पाठवण्याचा बेत

धाकट्या भावाचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने असे सुचवले की दिवाळीला येईन तेव्हा दोन्ही पंधरा रुपये घेऊन जातो, तेथील संस्थेकडून प्रत ठरवून, सीलबंद डबीत घालून परत आणतो. म्हणजे कोणाच्या मतावर विसंबायला नको. सूचना समंजस होती आणि बेकायदेशीर होती. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यातील व्याख्येप्रमाणे किमान शंभर वर्षांचे कोणतेही नाणे पुरावशेष ठरते आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. खासगी व्यक्तीने तसे केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. १९१८ ची नाणी २०१८ मध्ये या व्याख्येत आली. परत आणण्याच्या इराद्याने नेली तरी निर्यात ती निर्यातच. नाणी विमानतळावर पकडली गेली तर वाटणीचा प्रश्न आपोआप सुटेल, एवढेच मी त्याला सांगितले.

याचा परिणाम असा की आपल्याकडील शंभरी ओलांडलेल्या नाण्यांची प्रत शेवटी अनुभवी डोळ्यांवर आणि त्या डोळ्यांच्या विश्वासार्हतेवर अवलंबून राहते. म्हणून कुटुंबाने दुसऱ्या एका स्वतंत्र परीक्षकाचे मत घ्यावे असे मीच म्हटले. त्यांनी बनावट सॉव्हरिन आणि कडीचे नाणे यांबाबत माझाच निष्कर्ष दिला. चांगल्या पंधरा रुपयांना मात्र ६१ अंक दिले, कारण भुवईवरची मंद जागा झीज नसून कापडाच्या घडीत नाणे हलून पडलेला घासा आहे असे त्यांचे मत पडले. अंकांतील फरक तीनचा, पण तो नेमका अनसर्क्युलेटेडच्या उंबरठ्याच्या दोन बाजूंना पडत असल्याने किमतीत तो ठळकपणे दिसतो.

वाटणी

बनावट सॉव्हरिन सराफाला विकायचे ठरले, मात्र आधी त्याचे दोन तुकडे करून, म्हणजे ते पुन्हा नाणे म्हणून कोणाच्या गळ्यात पडणार नाही. त्याचे पैसे तिघांत सारखे वाटले. दहाव्या नाण्याचे काय करायचे हा मूळ प्रश्न यातच निकालात निघाला आणि उरली नऊ.

या नवांचे दोन हिशेब मांडले : एक धातूच्या भावाने, दुसरा संग्राहकांच्या बाजारभावाने. लंडनच्या पाच सॉव्हरिनच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. मुंबईच्या खुणेच्या दोन सॉव्हरिनवर मी थोडीच वाढ धरली, आणि येथे बहिणीची निराशा झाली. ‘मुंबईत पाडलेला एकमेव ब्रिटिश सॉव्हरिन’ हे वर्णन कितीही आकर्षक असले तरी जवळपास तेरा लाख नाणी पाडली गेली आहेत आणि ती बाजारात सहज मिळतात. आपल्या शहराचे म्हणून वाटणारे अप्रूप दुर्मिळतेत धरता येत नाही. कडीच्या पंधरा रुपयांना धातूपेक्षा जास्त, पण मर्यादित किंमत लावली. चांगल्या पंधरा रुपयांची किंमत सर्वांत जास्त आली.

थोरल्याला सोन्यातच रस असल्याने त्याने लंडनचे तीन सॉव्हरिन घेतले. धाकट्याने उरलेले दोन आणि कडीचे पंधरा रुपये घेतले, कारण ते नाणे आजीच्या गळ्यात पाहिल्याचे त्याला आठवत होते. बहिणीने चांगले पंधरा रुपये आणि मुंबईचे दोन सॉव्हरिन घेतले. तिघांचे हिस्से सारखे व्हावेत म्हणून बहिणीने दोघाही भावांना आणि धाकट्याने थोरल्याला फरकाची रक्कम रोख दिली. वाटणीपत्रात प्रत्येक नाण्याचे वजन, साल, खूण, दोष आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली आहेत. चांगल्या पंधरा रुपयांची प्रत ५८ धरावी की ६१, यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही; फरकाची रक्कम ५८ वर काढली, दुसऱ्या परीक्षकांचा ६१ चा शेरा त्याच पानावर खाली नोंदवला, आणि पुढील पाच वर्षांत ते नाणे विकले गेले व अनसर्क्युलेटेडचा भाव आला तर वाढीव रक्कम तिघांत वाटावी असे एक कलम बहिणीने स्वतःहून घालून घेतले.